हाड तडकलं, नाद नाही!

फुलसावंगीची विहीर, सायकलच्या जुन्या ट्यूबा, जवसाची चटणी आणि गोव्याची हाफ आयर्नमॅन... पायाच्या हाडाला चीर गेल्यावरचे चार महिने असेही जातात!

पुण्यातल्या कुठल्याही आयटी पार्कच्या कॅन्टीनमध्ये पाच मिनिटं कान देऊन उभे राहा. पूर्वी विषय तीनच असायचे. ऑनसाइट, होम लोन आणि हिंजवडीचं ट्रॅफिक. आता चौथा आलाय. 'तुझं स्विमिंग कितीत होतं?' समोरचा माणूस टेस्टिंगमध्ये असतो, पोट थोडं सुटलेलं असतं, पण मनगटावर जाडजूड घड्याळ आणि बोलण्यात 'बाइक लेग', 'ट्रान्झिशन', 'कट-ऑफ'! विकेंडला सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाणारी पब्लिक आता पहाटे चारला उठून सायकलवर घाटात जाते. आणि वर पैसे भरून!

हे खूळ मुळात हवाईचं. १८ फेब्रुवारी १९७८ ला ओआहू बेटावर पंधराजण समुद्रात उतरले. अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची बायको ज्युडी यांनी ही टूम काढली होती. सगळ्यात फिट कोण, पोहणारा, सायकल हाणणारा की पळणारा, या गप्पांतून. मग काय, बेटावर आधीपासून होत असलेल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवसात कोंबल्या. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर आख्खी मॅरेथॉन. पंधरापैकी बाराजण शेवटपर्यंत पोचले. पहिला आला गॉर्डन हॅलर, पावणेबारा तासांच्या आसपास. आजही नियम साधा आहे, १७ तासांच्या आत संपवलंत की तुम्ही 'आयर्नमॅन'. आपल्याकडे ही लाट घराघरात पोचली ती २०१५ मध्ये. मिलिंद सोमणनं झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या त्या माणसाचा फोटो बघून कित्येक काकांनी कपाटातले बूट बाहेर काढले. (काकूंचं काय झालं, त्यावर कधीतरी वेगळा लेख!)

२० ऑक्टोबर २०१९ ला गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ७०.३ आली, म्हणजे हाफ आयर्नमॅन. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं आणि हातात साडेआठ तास. मैलांत बेरीज ७०.३ होते म्हणून ते नाव. व्हिसा नको, विमानाचं तिकीट नको, सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायची आणि निघायचं. २०२४ ची तारीख होती २७ ऑक्टोबर. मी फी भरली. अशी फी सहसा परत मिळत नाही, आणि फ्रीलान्सरसाठी ती जरा जास्तच परत न मिळणारी असते.

जूनच्या मध्यावर माझ्या डाव्या नडगीत एक जागा दुखायला लागली.

अंगठ्याएवढी जागा

पळणाऱ्यांची नडगी दुखतेच. त्याला 'शिन स्प्लिंट्स' म्हणतात. दुखणं वीतभर पसरलेलं असतं आणि आठ-दहा दिवसांच्या आरामानं बरंचसं उतरतं. माझं तसं नव्हतं. अंगठ्याखाली मावेल एवढीच जागा, पण तिथे दाबलं की डोळ्यांत पाणी. रात्री झोपेतही ठणका. एक्स-रे काढला तर एकदम क्लीन! हाडांच्या डॉक्टरांना त्यात काही नवल वाटलं नाही. पहिले दोन-तीन आठवडे स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, म्हणाले. एमआरआयमध्ये दिसलं. केसाएवढी चीर, नडगीच्या आतल्या-मागच्या बाजूला. 'नशीब, समोरच्या बाजूला नाही. तिथली चीर भरता भरत नाही,' ही त्यांनी दिलेली गुड न्यूज.

मला वाटायचं हाड म्हणजे खांब. एकदा उभा केला की केला. तसं नसतं. हाड म्हणजे रोज दुरुस्ती चालू असलेला रस्ता. काही पेशी जुनं हाड खणून काढतात, दुसऱ्या त्या जागी नवं भरतात. खणणारे भराभर काम करतात, भरणारे सावकाश. (आपल्या महापालिकेत काम केल्यासारखे!) पायावरचा भार वाढत गेला आणि भरणाऱ्यांना वेळच मिळाला नाही, की मधल्या खड्ड्यात चीर जाते. त्यात माझं ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. एवढ्या उन्हाच्या देशात ते निम्म्या ऑफिसांत असंच असतं म्हणे.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, 'पाळी नियमित येते?' तो प्रश्न मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण ग्रुपवरच्या मुली यावर बोलत नाहीत. शरीर खर्च करतं तेवढं पोटात गेलं नाही, तर शरीर आधी ज्या गोष्टींची कपात करतं त्यात पाळी येते, आणि मागोमाग हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये याला लांबलचक नाव दिलं, रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट. मुलग्यांनाही होतं, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी धोक्याची घंटा नसते. माझी पाळी ठीक होती. पण सलग तीन महिने आली नाही तरी 'बरं झालं, कटकट गेली' म्हणणाऱ्या दोघी मला माहीत आहेत. बायांनो, डॉक्टरकडे जा!

निकाल असा लागला. आठ आठवडे पळणं बंद. सुरुवातीला पायात तो गुडघ्यापर्यंतचा प्लास्टिकचा बूट. दोन आठवड्यांनी पाण्यात उतरायला परवानगी, चार आठवड्यांनी जागेवरची सायकल. गोवा? 'बघू. हाडाला तारीख कळत नाही.'

मुक्काम पोस्ट फुलसावंगी

पुण्यातली माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची. कामं लॅपटॉपवरची. मग मी सरळ गावी गेले. फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. कापूस, सोयाबीन, तूर आणि काळी माती. पावसाळ्यात ती माती बुटाला अशी चिकटते, की दहा पावलांत प्रत्येक पाय किलोभर जड. पळायची बंदी नसती तरी पळणार कुठे होते?

बूट घालून बसमधून उतरले तेव्हा स्टँडवरच पंचनामा झाला. 'काय झालं वं पोरी, अपघात झाला का?' म्हटलं, पळून पळून हाडाला चीर गेली. समोरच्या आजोबांनी नीट विचार केला. 'कोणी मांगं लागलं होतं का?'

हसून सोडलं मी. पण घरी हसण्यासारखं वातावरण नव्हतं.

तुम्हाला फुलसावंगी हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत असेल, तर ते या कारणानं. ऑगस्ट २०२१. आमच्या गावातल्या शेख इस्माईल या तरुणानं, ज्याला सगळे मुन्ना म्हणायचे, स्वतःच्या हातानं हेलिकॉप्टर बनवलं होतं. शाळा आठवीत सुटलेली, हातात वेल्डिंगचं काम. पत्रे, पाइप जोडत आणि मारुती ८०० चं इंजिन बसवून दोनेक वर्षं खपून त्यानं एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं. चाचणीच्या वेळी मागचा पंखा तुटला, मुख्य पंख्यावर आदळला आणि तो त्याच्या डोक्याला लागला. मुन्ना गेला. दुसऱ्या दिवशी देशभरच्या चॅनेलवर आमचं गाव होतं. लोकांनी व्हिडिओ पाहिला, हळहळले, पुढचा व्हिडिओ लावला. गावात ते तसं संपलं नाही. आजही कुणाचं पोरगं जरा वेगळं काही करायला लागलं, की आईबापांच्या पोटात गोळा येतो. आणि त्याच वेळी, एवढं डोकं होतं त्या पोराचं, हेही तितक्याच मायेनं बोललं जातं. दोन्ही एकाच वाक्यात!

त्यामुळे आई 'स्पर्धा' हा शब्द ऐकून गप्प बसली, तेव्हा ते गप्प बसणं कुठून आलं ते मला कळत होतं. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, 'जीवावर बेतन असं काही नाही ना ते?' मी म्हटलं, नाही. डॉक्टर आहेत, रस्त्यावर माणसं असतात, पाण्यात बोटी असतात. ती म्हणाली, 'बोटी कायले लागते मंग?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला. त्या जागी दुखलं, तर जिथे असेन तिथे थांबायचं. शर्यत अर्धी राहिली तरी. मी तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

विहीर हाच स्विमिंग पूल

जुलैच्या शेवटी विहीर चांगली भरली. आमची विहीर चोवीस-पंचवीस फुटांची. त्यात १.९ किलोमीटर पोहायचं तर अडीचशेच्या वर खेपा, आणि दर खेपेला कठड्याला पायानं रेटायचं. पाय तर सांभाळायचा! उपाय मोठ्या काकांनी काढला. सायकलच्या जुन्या ट्यूबा एकमेकींना गाठी मारून लांब दोर केला, एक टोक मोटरीच्या लोखंडी पाइपाला, दुसरं माझ्या कमरेला. हात मारत राहायचं, जागा सोडायची नाही. शहरात असल्या रबरी पट्ट्याला चांगले पैसे मोजावे लागतात. काकांचा खर्च शून्य. ते स्वतः वर काठावर सोल घेऊन बसायचे, कानाला ट्रान्झिस्टर. दर दहा मिनिटांनी वरून आवाज, 'हायेस ना?'

दुसरा प्रकार पाण्यातलं पळणं. याला ॲक्वा जॉगिंग म्हणतात आणि मोठमोठे धावपटू दुखापतीत हेच करतात. पाठीला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन बांधायचा (आमच्याकडे पोरं असंच पोहायला शिकतात, आधीच्या पिढीत वाळका भोपळा असायचा), पाण्यात उभं राहायचं आणि हुबेहूब पळल्यासारखे पाय मारायचे. पाय तळाला टेकत नाहीत, त्यामुळे हाडाला झटका शून्य. हृदयाला मात्र पूर्ण काम. पाण्यात ठोके जमिनीपेक्षा दहाएक कमीच पडतात, तेव्हा घड्याळ बघून 'हे सोपंय' असं वाटून घेऊ नका. आणि कंटाळा? विचारू नका. पंचेचाळीस मिनिटं तुम्ही जिवाच्या आकांतानं पळता आणि तोच कोनाडा, तोच बेडूक समोर.

पोहण्याची गोष्ट निघाली की मला मुरलीकांत पेटकर आठवतात. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा नेमका त्याच जूनमध्ये लागला होता. सांगली जिल्ह्यातला हा गडी लष्करात बॉक्सर होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. त्यांच्यापुढे माझी केसाएवढी चीर म्हणजे काहीच नाही, हे मी दर सकाळी स्वतःला सांगायचे. दर सकाळी ते पटायचंच असं नाही.

चौथ्या आठवड्यात जागेवरची सायकल सुरू. पुण्याहून ट्रेनर मागवला होता, मागचं चाक त्यात अडकवायचं. जागा, कापसाची खोली. पावसाळ्यात ती रिकामी असते. लाइट गेली की पंखा बंद, घामाचं थारोळं. चुलतबहिणी दारात बसून मोजायच्या. 'ताई, दोन तास झाले. कुठलोक पोचली?' म्हटलं, महागावच्या पुढे. 'पण तू तर इथंच हायेस!' त्यांच्यातली धाकटी एके दिवशी विहिरीवर आली आणि म्हणाली, 'मले बी दोर बांध.' काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग तिलाही कॅन बांधला.

खाण्याचं डॉक्टरांनी पुण्यातच लिहून दिलं होतं. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी, आणि दूध, दही, डाळ भरपूर. आईनं त्यात ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, तीळ आणि रोज पाटवड्या नाहीतर झुणका घातला. पुण्यात मी सकाळी ओट्सवर होते. दोन महिन्यांत वजन तीन किलो वाढलं आणि बारीक असताना जी दमणूक व्हायची ती गायब. फिटनेसच्या नावाखाली अर्धपोटी राहायची जी फॅशन आलीय ना, तिचं मला आता काहीही कौतुक उरलेलं नाही.

मोडून उभे राहिलेले

रात्री रेंज असली की मी मोठमोठ्या खेळाडूंच्या दुखापती वाचत बसायचे. ब्रिटनची क्रिसी वेलिंग्टन २०११ मध्ये हवाईच्या जागतिक स्पर्धेच्या दोन आठवडे आधी सायकलवरून आपटली. पाय सोलून निघाला, जखमेत संसर्ग झाला. तशीच उतरली आणि ८ तास ५५ मिनिटांत जिंकली, चौथ्यांदा! टिम डॉनची गोष्ट तर अंगावर काटा आणते. २०१७ मध्ये त्याच स्पर्धेच्या तोंडावर ट्रकनं उडवलं, मानेचा मणका मोडला. तीन महिने डोक्याभोवती लोखंडी कडं, तेही कवटीत स्क्रू पिळून बसवलेलं. एप्रिल २०१८ मध्ये तो बोस्टन मॅरेथॉन २ तास ४९ मिनिटांत पळला.

वाचायला भारी वाटतं, पण या गोष्टींनी आपल्यासारख्यांचं नुकसानही होतं, हे माझं मत. त्यांच्या मागे डॉक्टर, फिजिओ, मसाजवाल्यांची फौज असते आणि शर्यत हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा असतो. आपल्याला सोमवारी कामावर जायचंय. डॉनमधलं खरं घेण्यासारखं म्हणजे ते तीन महिने. तो कडं घालून गप्प बसला, हे कुणी पोस्टरवर छापत नाही.

पुण्यातल्या कोचनं मला रोज फोनवर एकच टेस्ट करायला सांगितली होती. आधी अंगठ्यानं ती जागा दाबायची. दुखली नाही तर अर्धा तास चालायचं. तेही जमलं की एका पायावर दहा उड्या. दहापैकी एक उडी जरी दुखली, तरी आठवडाभर पळण्याचं नाव नाही. अकराव्या आठवड्यात दहाच्या दहा निघाल्या. त्या दिवशी पोळा होता, २ सप्टेंबर. पावसानं गावाला झोडपून काढलेलं, बैलांच्या झुली ओल्या, शिंगांचे रंग ओघळलेले. संध्याकाळी जरा उघडलं तेव्हा डांबरी रस्त्यावर मी एक मिनिट पळले, चार मिनिटं चालले. असं पाच वेळा. एकूण पाच मिनिटांचं पळणं! तोरणाकडे निघालेली बैलजोडी माझ्या पुढे निघून गेली.

गोवा

गणपतीनंतर पुण्याला परतले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी पाय तपासला आणि अटीवर होकार दिला. सलग पळायचं नाही. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, पहिल्या किलोमीटरपासून. हाडाचं दुखणं पावलागणिक वाढत गेलं किंवा लंगडायला झालं तर बाहेर. तोवर मी सलग बारा किलोमीटरच्या पुढे गेलेच नव्हते. २१ चं काय ते तिथेच कळणार होतं.

मिरामारला पहाटे हजारभर माणसं आणि एक विचित्र शांतता. पाणी कोमट, वेटसूटची गरजच नाही. विहिरीत तीन महिने काढलेल्या माणसाला समुद्राचा पहिला धक्का म्हणजे, इथे पुढे जाता येतं! दुसरा धक्का लाटांचा, तिसरा कुणाच्या तरी टाचेचा, थेट चष्म्यावर. ५२ मिनिटांत बाहेर. कट-ऑफ एक तास दहाचा. सायकल चढ-उतारांची, ऊन चढत गेलेलं, पण पायाला त्रास नाही. ३ तास ५२ मिनिटं. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की कापसाच्या खोलीपेक्षा इथे वारा होता.

पळायला लागले तेव्हा घड्याळात बारा वाजले होते. चेहऱ्यावरही. चार पळ, एक चाल. पुढे गेलेले लोक चालताना दिसायला लागले, मी त्यांना गाठायची, मग माझं चालायचं मिनिट यायचं आणि ते पुढे जायचे. चौदा किलोमीटरपर्यंत हा खेळ छान चालला.

पंधराव्याला डाव्या नडगीत काहीतरी झालं.

कळ नव्हती. एक खेच होती, त्याच बाजूला. मी रस्त्याच्या कडेला थांबले, वाकले, अंगठा ठेवला. दाबायची हिंमत होईना. पाणी देणारा मुलगा विचारत होता, मॅम, ऑल ओके? घड्याळ चालू. आईच्या हातावर ठेवलेला हात आठवला. आणि मनात दुसरा आवाज, सहा किलोमीटर यार, फक्त सहा! तो आवाज फार गोड असतो. दाबलं. हाड दुखलं नाही. जरा मागे सरकून पोटरी दाबली तर तिथे गोळा. क्रॅम्प! पण खात्री कशी करणार? उन्हानं डोकं चालत नव्हतं, आणि दुखऱ्या माणसाचा अंगठा त्याला हवं तेच सांगतो. मग ठरवलं, तीन किलोमीटर फक्त चालायचं. मीठ खाल्लं, पाणी प्यायले आणि चालले. हाड असेल तर चालतानाही प्रत्येक पावलाला बोलेल. पोटरी असेल तर सैल होईल. त्या तीन किलोमीटरमध्ये दीडेकशे लोक मला मागे टाकून गेले असतील. एक साठीच्या पुढच्या बाई तर हात दाखवून!

अठराव्याला गोळा विरला होता. पुन्हा चार-एक, चार-एक. ८ तास ११ मिनिटं. कट-ऑफला १९ मिनिटं बाकी. मेडल गळ्यात पडलं तेव्हा मी आधी बूट काढून एका पायावर उडी मारली. शेजारचा व्हॉलंटियर घाबरला. नोव्हेंबरमधल्या तपासणीत डॉक्टरांनी तेच करायला लावलं, दहा उड्या. दहाही निघाल्या.

संध्याकाळी घरी फोन लावला. बाबांनी उचलला. 'किती नंबर आला वं?' म्हटलं, शेवटून मोजलं तर लवकर सापडेल. 'बरं. दिवाळीले येतेस ना? सोयाबीन निघालं सारं.' मग आई. तिनं शर्यतीचं काही विचारलं नाही. 'पाय?' एवढंच. मी म्हटलं, ठीक आहे, तिथं दुखलं नाही. दुखल्यासारखं वाटलं तिथं थांबले होते. ती थोडा वेळ काही बोलली नाही. तेवढ्यात धाकट्या बहिणीनं फोन ओढून घेतला.

'ताई, येताना ते पाण्यातले चष्मे आणजो. दोन आण. काकाले बी उतरायचं म्हणते.'